बोलून टाइप करताना शब्द का चुकतात

डिक्टेशन चुकलं की बहुतेक जण एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलायला लागतात. त्याने चुका वाढतात. सॉफ्टवेअर मागचे-पुढचे शब्द पाहून अंदाज बांधतं. नुसता ‘सात’ त्याला ‘साठ’ वाटू शकतो, पण ‘सकाळी सात वाजता’ सलग म्हटलं की संदर्भ मिळतो. म्हणून वाक्य आधी मनात जुळवा, मग नेहमीच्या वेगाने एका दमात बोला.

माइकही तपासा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की हेडसेट बऱ्याचदा कॉल मोडमध्ये, म्हणजे फोनवर बोलण्यापुरत्या साध्या आवाजावर जातो. जुन्या हेडसेटमध्ये सॅम्पलिंग, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो ते, 8 किलोहर्ट्झवर (सेकंदाला आठ हजार वेळा) येतं आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फरक पुसट होतो. त्यापेक्षा साधा वायरचा हेडसेट बरा. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं लांब आणि जरा बाजूला ठेवा. अगदी समोर असला तर ‘भ’, ‘फ’ म्हणताना हवेचा झोत थेट त्यावर आदळतो.

सगळ्यात वैताग आडनावांचा. सॉफ्टवेअरमध्ये शब्दसूचीची, म्हणजे आपले शब्द आधी नोंदवून ठेवायची सोय असेल तर ती नावं तिथे घालाच. आणि भाषा मराठीच निवडली आहे ना, हे बोलायला सुरुवात करण्याआधी पाहा. हिंदी राहिली असेल, तर कितीही स्पष्ट बोललात तरी उपयोग नाही.