आमची वाटचाल: बँकेतली शिल्लक आणि कमावलेला पैसा

2016 साली मिरज एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही नवरा-बायकोनं सोलरचं काम सुरू केलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, ह्यांचा फॅब्रिकेशनचा अनुभव. त्यामुळे स्ट्रक्चर घरचंच, वायरिंग घरचं आणि पॅनेल-इन्व्हर्टर बाहेरून, अशी विभागणी पहिल्यापासून झाली. आज सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांत घरांची छपरं, कारखान्यांच्या शेड आणि बेदाण्याची कोल्ड स्टोरेज अशी तिन्ही प्रकारची कामं आम्ही करतो. किती किलोवॅट बसवले, टर्नओव्हर किती, हे भेटणारा प्रत्येक जण विचारतो. आमच्या ऑफिसात मात्र दर महिन्याला आधी दुसरा प्रश्न निघतो: या महिन्यात खात्यावर आलेल्या पैशातला आपला किती?

हा प्रश्न आम्हाला सरकारी योजनांच्या बदलत्या रचनेनं शिकवला. 2019 साली छपरावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या रूफटॉप योजनेचा दुसरा टप्पा आला. घरगुती ग्राहकाला 3 किलोवॅटपर्यंत ठरवून दिलेल्या दराच्या 40 टक्के अनुदान, त्यापुढे 10 किलोवॅटपर्यंत 20 टक्के. ग्राहक अनुदान वजा करून उरलेली रक्कम आम्हाला द्यायचा. अनुदानाचा भाग कंत्राटदारानं नंतर वितरण कंपनीमार्फत वसूल करायचा, अशी पद्धत होती. प्लांट चालू झाला की बिल पूर्ण रकमेचं, विक्री पूर्ण रकमेची आणि नफाही पूर्ण धरलेला. पण घरगुती कामात हातात राहतात दहा-बारा टक्के. 40 टक्के येणं बाकी म्हणजे आपला सगळा नफा अडकलाच, शिवाय पॅनेलवाल्याला रोख मोजलेले पैसेही अडकले. कागदावर नफा चांगला आणि पगाराच्या आठवड्यात सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट उचल, ओढायची, हे चित्र त्या काळात आमच्या लाईनीतल्या कित्येकांनी पाहिलं. आम्ही घरगुती कामांना मर्यादा घालून घेतली: अनुदानाची थकीत येणी आमच्या स्वतःच्या भांडवलापुढे जाऊ लागली की नवीन अर्ज थांबवायचे. धंदा वाढायच्या दिवसांत असा हात आखडता घेणं जिवावर येतं, पण त्या शिस्तीमुळेच आम्ही टिकलो असं मला मनापासून वाटतं.

जुलै 2022 मध्ये अनुदानाच्या अर्जांसाठी राष्ट्रीय पोर्टल आलं आणि अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यावर जाऊ लागलं. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली: पहिल्या 2 किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये. आता ग्राहक आम्हाला पूर्ण रक्कम देतो, कर्ज घेतलं असेल तर बँक ती आमच्या खात्यावर टाकते आणि अनुदानाची वाट ग्राहक बघतो. सूर्यघरनं विजेच्या बिलाचा प्रश्न घराघरांत नेला, हे मोठं काम झालं. आमच्यासारख्यांच्या हिशोबाचं चित्रही पार उलटलं. आधी नफा दिसायचा आणि पैसा नसायचा. आता पैसा दिसू लागला, आणि तो नेमका कुणाचा हे शोधायची वेळ आली.

कंपनी कायद्यानं छोट्या कंपनीला रोख प्रवाह पत्रक, म्हणजे वर्षभरात रोकड कुठून आली आणि कुठे गेली याचा तक्ता, जोडण्याची सक्ती नाही, म्हणून आमच्या एवढ्या बहुतेक फर्म ते करतच नाहीत. आमचे सीए म्हणाले, "ताई, कायदा मागत नाही. पण तुम्ही मागा." त्यांनी त्या दिवशी कोऱ्या कागदावर मांडलेला हिशोब मी समजायला सोपे, गोल आकडे घेऊन इथे देते. समजा करानंतरचा नफा 40 लाख, घसारा (यंत्रांच्या झिजेचा खर्च, ज्यात रोकड जात नाही) 5 लाख, एकूण 45. वर्षभरात ग्राहकांचे ॲडव्हान्स 38 लाखांनी वाढले, पुरवठादारांची देणी 17 लाखांनी वाढली. दुसरीकडे येणी 26 लाखांनी आणि गोडाऊनमधला माल 14 लाखांनी वाढला. 45 मध्ये 38 आणि 17 मिळवा, 26 आणि 14 वजा करा: व्यवसायातून आलेली रोकड 60 लाख. नफा 40 आणि रोकड 60! कुणीही बँक मॅनेजर खूश होईल.

मग त्यांनी पेन उलटं चालवलं. 38 लाखांचे ॲडव्हान्स म्हणजे अजून न बसवलेले प्लांट, ते बाजूला. पुरवठादारांचे 17 लाख आज ना उद्या द्यायचेच आहेत, तेही बाजूला. उरले 5. गोडाऊनमधला 14 लाखांचा माल याच ॲडव्हान्सच्या कामांसाठी आणलेला, म्हणून न्यायानं तो परत मिळवला, तर 19. म्हणजे 60 लाखांच्या रोकडीत खरी कमावलेली रोकड 19 लाख, नफ्याच्या निम्मीसुद्धा नाही. बाकीचा नफा कुठे आहे? त्या 26 लाखांच्या येण्यांमध्ये.

तेव्हापासून ॲडव्हान्सचं बँक खातंच वेगळं आहे. पॅनेलची ऑर्डर गेली की त्या ग्राहकाचा पैसा त्या खात्यातून चालू खात्यात येतो, त्याआधी नाही. पगार, भाडं, गाडीचा हप्ता यांना त्या खात्याची दारं बंद. पॅनेलच्या भावाचं कारणही यामागे आहे. 2021 साली भाव चढले, 2023 मध्ये जोरात कोसळले. ग्राहकाला दिलेलं कोटेशन मात्र ठरलेलं असतं. ॲडव्हान्स दुसऱ्याच खर्चात गेला आणि भाव वाढला, तर पुढच्या ग्राहकाच्या पैशातून मागच्याचं छप्पर पूर्ण करावं लागतं. ऑर्डर येत आहेत तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

येण्यांचं सांगायचं तर सगळी येणी सारखी नसतात. उचल किती द्यायची हे ठरवताना बँक आमच्या स्टॉक स्टेटमेंटमधली (माल आणि येणी यांच्या यादीतली) 90 दिवसांवरची येणी सहसा धरत नाही. आम्ही त्याहून बारीक बघतो. कारखान्याच्या कामात 10 टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवायची अट असते. अशा कामात आमचा नफाही साधारण तेवढाच. म्हणजे त्या कामाचा अख्खा नफा वर्षभर समोरच्याच्या ताब्यात. आता आम्ही अशा ठिकाणी बँक गॅरंटी, म्हणजे आमच्या वतीनं बँकेची हमी, देऊन रक्कम सोडवून घेतो. गॅरंटीचं कमिशन आणि त्यासाठी बँकेत अडकणारी ठेव धरून भाव सांगतो आणि तो परवडला तरच काम घेतो.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तासगावकडच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांकडून. बेदाणा फेब्रुवारीपासून यायला लागतो आणि उन्हाळ्यात गाळे भरतात. कॉम्प्रेसर दिवसभर चालतात, त्यामुळे विजेचं बिल तेव्हा सगळ्यात मोठं. मालकाला प्लांट त्याआधी चालू हवा असतो. पण त्याला भाडं मिळतं ते पेट्या बाहेर पडतील तसं, आणि पेट्या निघतात सौदे होतील तशा. दिवाळीच्या तोंडावर मागणी असते तेव्हा त्याचा हात मोकळा. एका मालकांनी मला गाळ्यात नेऊन छतापर्यंत रचलेल्या पेट्या दाखवल्या आणि म्हणाले, "ताई, माझा पैसा हा असा थंडीत बसलाय. मी बुडवणारा नाही, पण मे महिन्यात मागितलात तर कुठून देऊ?" बिल मेमध्ये आणि पैसे ऑक्टोबरमध्ये, हे खरं तर आधीच कळणारं आहे. मग त्याला थकबाकी कशाला म्हणायचं? आता तिथे आम्ही बँकेचं मुदत कर्ज मंजूर झाल्यावरच साहित्य हलवतो आणि मालकाच्या स्वतःच्या वाट्याचा शेवटचा हप्ता करारातच दिवाळीला लावतो. तसं लावलेलं येणं उशिरा येतं, पण ठरल्या दिवशी येतं. माझ्या लेखी अशा येण्याची प्रत, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणाऱ्याच्या तीस दिवसांच्या येण्यापेक्षा कितीतरी वरची.

आयकर कायद्यातलं 43बी(एच) हे कलम एप्रिल 2024 पासून लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल करार असेल तर 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत दिलं नाही, तर त्या खर्चाची वजावट देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. देखभालीच्या बिलांना याचा आम्हाला उपयोग झाला. प्लांट ही भांडवली खरेदी, तिथे हा धाक तितकासा चालत नाही. तिथे करार नीट लिहिणं हाच उपाय.

जीएसटीचीही एक गोष्ट सांगण्यासारखी. सोलरच्या साहित्यावरचा दर ऑक्टोबर 2021 मध्ये 5 वरून 12 टक्के झाला आणि 22 सप्टेंबर 2025 ला पुन्हा 5 वर आला. पुरवठा आणि उभारणी मिळून 70-30 च्या सूत्रानं (70 टक्के रक्कम साहित्याची, 30 टक्के सेवेची धरून) हा भार 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर उतरला. ग्राहकाचं भलं झालं आणि चौकशाही वाढल्या. पण 12 टक्क्यांनी घेतलेला माल गोडाऊनमध्ये असेल, तर त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट जीएसटी पोर्टलवरच्या लेजरमध्ये, म्हणजे आपल्या खात्यात, साचतं. ताळेबंदात ती मालमत्ता असते, पण त्यातून पगार होत नाहीत. पुढच्या विक्रीत ते वळतं होईल तेव्हाच आपलं. आम्ही ते रोकड मोजताना धरत नाही.

आणि सूर्यघरच्या प्रत्येक प्लांटमागे पाच वर्षांची देखभाल आमच्यावर आहे. म्हणजे आज आलेल्या पैशात चौथ्या-पाचव्या वर्षीच्या फेऱ्या, बदलायचा एसपीडी (विजेच्या झटक्यापासून प्लांट वाचवणारं उपकरण), सैल झालेला कनेक्टर हे सगळं आलं. दर प्लांटमागे ठरावीक रक्कम आम्ही त्याच दिवशी ठेवीत टाकतो. नवीन मुलं विचारतात, एवढा पैसा पडून का ठेवायचा? मी त्यांना सर्व्हिसच्या गाडीचं डिझेलचं बिल दाखवते.

ज्यांची मुदत संपली किंवा जे कारखाने आधीपासून करारावर आहेत, त्यांची वार्षिक देखभाल हा आमच्याकडचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात चांगला पैसा. साखर कारखान्यांच्या आसपास गाळपाच्या दिवसांत चिमणीतली राख पॅनेलवर बसते, धुतली नाही तर युनिट घटलेले ग्राहकाला ॲपवर दिसतात. तोच फोन करतो, तोच पैसे देतो, साहित्य जवळपास लागत नाही. यंदा या उत्पन्नातून सर्व्हिस टीमचे पगार पूर्ण निघायला हवेत, असं आम्ही ठरवलं आहे. ऑगस्टपर्यंतचे करार झाले आहेत, गाळपाच्या पट्ट्यातले दिवाळीनंतर करायचे आहेत.