१:६४ मधले २८ तोफगाडे – माझा अनुभव

'त्रिंकोमाली' या फ्रिगेटचं (शिडाच्या युद्धनौकेचं) १:६४ मापातलं, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्शाचं मॉडेल गेली काही वर्षं करतोय. तोफगाड्यांबद्दल लिहायचंच होतं, कारण सगळ्यात जास्त दमवलं ते त्यांनी आणि सगळ्यात जास्त आनंदही त्यांनीच दिला.

जहाज आपल्या मुंबईचं आहे. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमधे हार्टलपूलला अजून तरंगतंय. त्याचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले होते, ते जहाज डिसेंबर १८१२ मधे अमेरिकनांच्या हाती पडलं, म्हणून नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. मूळ आराखड्यात मुख्य डेकवर १८ पौंडी २८ तोफा. १८ पौंडी म्हणजे गोळ्याचं वजन, साधारण ८ किलो. नुसती तोफच २ टनांच्या वर भरायची, गाडा वेगळा.

पहिली चूक केली ती अशी. १८ पौंडीच्या गाड्याचं चांगलं ड्रॉइंग हाताशी नव्हतं, ३२ पौंडीचं होतं, तर सरळ तेच प्रमाणात लहान केलं. दिसायला गाडा एकदम झकास. डेकवर ठेवून पुढे सरकवला आणि तोफेचं तोंड गनपोर्टच्या (तोफ बाहेर काढायच्या खिडकीच्या) खालच्या चौकटीला टेकलं! तोफ खाली झुकवताच येणार नाही. तोवर ६ गाडे तयार होते, सगळे बाजूला ठेवले.

मग लक्षात आलं की बाजूच्या फळ्यांची जाडी, तोफ गाड्यावर ज्यांवर टेकते ते आडवे खुंट, ही मापं तोफेच्या नळीच्या आतल्या व्यासावर ठरतात, पण गाड्याची उंची ठरते जहाजावर, म्हणजे डेकपासून पोर्टची चौकट किती उंच आहे त्यावर. मुलगी न्यूकॅसलला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा मुद्दाम हार्टलपूलला गेलो, तिथल्या माणसाला विचारून डेक ते चौकट टेपने मोजलं. घरी येऊन डेकचा छोटा तुकडा, एक भिंत आणि एक पोर्ट असा डमी केला आणि पुढचा प्रत्येक गाडा आधी त्या डमीत बसवून बघितला. हे आधीच करायला हवं होतं.

आता आकडे. १८ पौंडीच्या नळीचा व्यास ५.२९ इंच, १:६४ मधे २.१ मिमी, आणि बाजूची फळी साधारण तेवढीच जाड. मी ९ फुटी तोफ धरली, ती होते ४३ मिमी. या मापात पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी डोळ्याला लगेच कळतं, विशेषतः २८ गाडे ओळीत उभे केले की.

लाकूड कुठलं? जहाज सागवानी म्हणून आधी सागवान घेतलं, पण २ मिमीच्या फळीत सागाचे रेषे आणि छिद्रं एवढी मोठी दिसतात की स्केलचा सगळा भास जातो. पुण्याच्या टिंबर मार्केटमधून हळदू आणलं (कोकणात हेदू म्हणतात). पिवळसर, बारीक पोताचं, धार छान धरतं. बाहेरचे लोक बॉक्सवूड वापरतात, मला तरी हळदूने काही कमी पडलं नाही.

फळ्या ५६ लागणार होत्या, एकेक कापली असती तर दोन सारख्या आल्या नसत्या. म्हणून लाकडाच्या एका लांब ठोकळ्यालाच गाड्याचा आकार दिला, मागच्या पायऱ्या, खालची कमान, खुंटाची खाच, सगळं ठोकळ्यावरच, आणि मग वडीचे काप करतात तसे त्याचे २.१ मिमीचे काप काढले. रेषे लांबीच्या दिशेने आहेत ना ते आधी बघून घ्या, नाहीतर पायऱ्यांचे कोपरे उडतात. या पायऱ्या शोभेसाठी नाहीयेत, तोफेचा मागचा भाग उचलताना खलाशी पहारीसारखे दांडके त्यांच्यावर टेकवायचे आणि मग खालची पाचर सरकवायचे. त्यामुळे पायरी गोलावलेली चालणार नाही, नीट कडा हवी.

दोन फळ्या समांतर नसतात हेही खूप जण विसरतात. तोफ मागे जाड आणि तोंडाकडे निमुळती, त्यामुळे फळ्या पुढे जवळ आणि मागे लांब. त्यासाठी एका ठोकळ्यात तिरक्या दोन खाचा पाडून जिग (जोडणीचा साचा) केला, त्यात फळ्या उभ्या करायच्या, मधे आडवा तुकडा आणि दोन्ही आस फेव्हिकॉलने चिकटवायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. सुपरग्लू वापरून बघितला, लाकडावर डाग पडतो आणि नंतर रंग धरत नाही.

चाकं ११२. आधी गोल काडी कापून चकत्या केल्या, पण मग चाकावर लाकडाचा आडवा छेद दिसतो, खरी चाकं फळीतून काढलेली असायची. म्हणून पितळी नळीला कानशीने दात पाडले, बेंच ड्रिलला लावली आणि पातळ फळीतून चाकं काढली. पुढची मोठी, मागची लहान, कारण डेक मधे उंच आणि कडेला उतरता असतो, तो उतार चाकांतल्या फरकाने भरून निघतो आणि तोफ सपाट राहते. दोन डब्यांत वेगळी ठेवा, मिसळली की परत कॅलिपर घेऊन बसावं लागतं, मी बसलोय.

तोफा माझ्या ओळखीच्या लेथवाल्या काकांनी पितळेत काढून दिल्या, कार्डाचा टेम्प्लेट लावून, २८ च्या २८ एकसारख्या. त्या काळच्या ब्लोमफिल्ड पद्धतीच्या तोफेला मागच्या बोंडावर एक कडी असते, मागे उसळणारी तोफ अडवणारा जाड दोर तिच्यातून जातो. ती कडी मी तांब्याच्या तारेची करून सोल्डरने डाग देऊन जोडली. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून गेजप्रमाणे मिळते, पण तिच्यावर इनॅमल असतं, ते जाळून घासून काढल्याशिवाय लिव्हर ऑफ सल्फरमधे तार काळी होत नाही. दोन दिवस मी केमिकललाच दोष देत होतो.

दोरातही फसलो. जुन्या तक्त्यांत दोराचं माप घेराचं असतं, जाडीचं नाही! ७ इंची दोर म्हणजे जाडी सव्वादोन इंच, आपल्या स्केलला ०.९ मिमी. मी घेर हीच जाडी समजून वळलेला दोर कडीतून जाईचना, तेव्हा कळलं. दोराची लांबी मात्र डमीवरच ठरवली: तोफ मागे आल्यावर तोंड पोर्टच्या आत येऊन पुढून बार भरता आला पाहिजे, एवढी ढील.

क्वार्टरडेक (जहाजाच्या मागच्या भागातला वरचा डेक) चढवला की निम्म्याहून जास्त तोफा झाकल्या जाणार आहेत. तरी आतल्या गाड्यांनाही कड्या, पाचर, दोर सगळं पूर्ण केलंय. काल शेवटचा गाडा डमीत बसवला, तोफ पोर्टच्या बरोबर मध्यावर आली, वर खाली दोन्हीकडे हलली. आता क्वार्टरडेकचे बीम सुरू करतोय.