पहिल्या भिंतीवरचा ओघळ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी भिंतींवर स्प्रेनं अक्षरं रंगवते हे कळलं की दोन प्रश्न हमखास येतात. ग्राफिटी ही कला म्हणायची की भिंती खराब करण्याचा उद्योग? आणि दुसरा, थोडा दबक्या आवाजात: आता तुमचं नाव झालं, कामं मिळतात, मग पूर्वीसारखं सुचतं का? मला दुसरा जास्त अवघड जातो. पण आधी पहिला.

त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. भिंत कुणाची, हा एक. भिंतीवर जे उमटलं ते कसं आहे, हा दुसरा. कुणाच्या घराच्या भिंतीवर न विचारता लिहिलं तर पुसायचा खर्च त्या माणसाच्या माथी बसतो. तो चिडला तर त्याचं काहीच चुकत नाही, आणि कायदा त्याला गुन्हा म्हणतो तेही मला मान्य आहे. पण तेवढ्यानं ते चित्र वाईट ठरत नाही. उलट, रीतसर परवानगी घेऊन रंगवलेल्या किती भिंती निर्जीव असतात, तुम्हीच पाहिल्या असतील.

त्यातली कला बघायची तर हाताजवळ यावं लागतं. स्प्रेचा कॅन भिंतीपासून वीतभर लांब धरला की रेघेच्या कडा धूसर होतात. चार बोटांवर आणला की कड धारदार येते, पण हात क्षणभर जरी रेंगाळला तरी ओघळ सुटतो. ब्रश निदान भिंतीला टेकतो. इथे टेकायला काहीच नाही, सगळा हिशेब वेगाचा. देवनागरीत लिहिताना खरी परीक्षा शिरोरेषेची. भिंतीवर ती सहा-सात फुटांची होते आणि मनगटानं ओढताच येत नाही. खांदा स्थिर ठेवून, श्वास रोखून, चालत ओढायची. मध्ये पाऊल अडखळलं की तिथे रंगाची गाठ बसते, ती कायमची. पहिली दोन वर्षं माझी प्रत्येक शिरोरेषा उजवीकडे उतरायची, कारण शेवटाकडे जाताना माझा खांदा पडायचा. शेवटी रिकामा कॅन हातात धरून भिंतीसमोरून नुसती चालत राहायचे, रोज तासभर. सुलेखन शिकणारा बोरूचा कोन हातात बसेपर्यंत जे करतो, त्यापेक्षा हे वेगळं कसं, ते मला कुणी सांगावं.

या अक्षरांना शैली आली कुठून, तेही सांगते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात 'टाकी १८३' अशी सही शहरभर करणाऱ्या एका मुलाची बातमी आली. नाव त्याचं, आकडा त्याच्या रस्त्याचा. मग सह्या करणाऱ्या मुलांची संख्या इतकी वाढली की नुसतं नाव लिहून कुणाच्या नजरेत भरणं अशक्य झालं. म्हणून अक्षर फुगलं, त्याला सावली आली, बाण फुटले, आणि काही वर्षांतच रेल्वेचे अख्खे डबे एकेका नावानं भरले. गर्दीत आपलं अक्षर ओळखू यावं एवढ्याच गरजेतून हे घडलं. त्यातलं बरंचसं वाईट होतं, आजही असतं. वाईट कविता असतात म्हणून आपण कवितेबद्दल शंका घेत नाही.

न्यायालयातही हा प्रश्न गेलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाची जुन्या कारखान्याची इमारत होती, मालकाच्या परवानगीनं रंगवलेली. २०१३ मध्ये मालकानं एका रात्रीत तिच्यावर पांढरा रंग फासला. २१ कलाकार न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये त्यांना सुमारे ६७ लाख डॉलरची भरपाई मिळाली. त्यातली ४५ चित्रं कायद्यानं जपण्याच्या योग्यतेची होती, असं न्यायाधीशांनी मानलं.

आता दुसरा प्रश्न. काही वर्षांपूर्वी मी एक मोठा 'ळ' रंगवला. त्याचे दोन्ही गोल म्हणजे एकाच दोराची गाठ आहे, असा. पाऊस यायच्या आत संपवायचा होता, घाईत डाव्या गोलाखाली हात रेंगाळला आणि एक लांब ओघळ आला. पुसायला वेळ नव्हता, तसाच सोडला. त्या भिंतीचे फोटो खूप फिरले, आणि मला कामं मिळू लागली ती त्या 'ळ'मुळे. प्रत्येकाला तोच हवा असतो. आतापर्यंत अकरा वेळा काढून झाला. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की तो ओघळ मी आता जपून काढते आहे, बारीक नोझल लावून, फोटो समोर ठेवून. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ओघळ हुबेहूब उतरला होता.

माझं भय हेच आहे. हात शाबूत राहतो, कदाचित सुधारतोही, आणि म्हणूनच काय गेलं ते बाहेरून कुणाला दिसत नाही. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर २३ व्यावसायिक चित्रकारांची कामं तपासायला घेतली होती. प्रत्येकाची दहा कुणी सांगून करून घेतलेली, दहा स्वतःहून केलेली. कुठलं काम कोणत्या प्रकारचं, हे परीक्षकांना माहीत नव्हतं. कौशल्यात त्यांना फरक दिसला नाही; सर्जनशीलतेत सांगून करून घेतलेली कामं कमी पडली. हे वाचलं तेव्हा मला माझा चौथा 'ळ' आठवला.

पण यशानं सगळं आटतंच, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मित्राबरोबर 'सेमो' या सहीनं भिंतींवर वाक्यं लिहिणारा न्यूयॉर्कचा चित्रकार बास्किया १९८१ मध्ये एका गॅलरीच्या तळघरात चित्रं काढू लागला. पैसा आला, मोठे कॅनव्हास आले, आणि १९८२ सालची त्याची चित्रं बघा, काय जोर आहे त्यांत! त्याच वर्षीचं एक चित्र २०१७ मध्ये ११ कोटी ५ लाख डॉलरला विकलं गेलं. तो स्वतः १९८८ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी गेला.

मला जास्त जवळचा वाटतो तो कीथ हॅरिंग. न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकांत जाहिरातीची मुदत संपली की त्या जागी काळा कागद चिकटवत. १९८० ते १९८५ या काळात हा माणूस त्या कागदांवर पांढऱ्या खडूनं चित्रं काढायचा. पोलिसांची धास्ती, भोवती गर्दी. रेघ एकदाच ओढायची, दुरुस्ती नाही. त्याची ती ठाम रेघ तिथं घोटली गेली. नाव झालं तसे लोक कागद सोडवून विकायला नेऊ लागले, आणि त्यानं स्थानकांत काढणं थांबवलं. जिथं चुकायची मोकळीक होती ती जागाच गेली. इटलीत 'ब्लू' नावाच्या चित्रकारानं दुसरं टोक गाठलं. भिंतींवरून काढून नेलेली चित्रं प्रदर्शनात मांडली जाणार म्हटल्यावर, २०१६ मध्ये त्यानं बोलोन्या शहरातली आपलीच वीस वर्षांची भित्तिचित्रं राखाडी रंगानं पुसून टाकली. मला तेवढं धैर्य नाही. मला अजून कामं हवी आहेत.

मी केलं ते इतकंच. ओळखीतल्या एकांच्या आवारात आतल्या बाजूची भिंत आहे, ती त्यांनी मला वापरायला दिली आहे. दर महिन्याला तिथं काहीतरी रंगवते, फोटो काढत नाही, कुणाला दाखवत नाही, आणि महिना संपला की पांढरा हात मारते. सध्या तिथं डाव्या हातानं लिहिते आहे. शिरोरेषा पुन्हा उतरते, या खेपेला डावीकडे.