चावरा म्हणून नाव पडलेलं पोरगं

अंगणवाडी म्हणलं की लोकांना खिचडी आणि गाणी आठवतात, पण तीन वर्षांच्या आतलं मूल आमच्याकडे येतच नाही, ते घरी असतं आणि आम्हीच त्याच्या दारात जायचं असतं. गृहभेट. वजन घ्यायचं, उंची घ्यायची, टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराचं, पाकीट द्यायचं, आता तर पाकीट देताना आईचा चेहरा मोबाईलवर स्कॅन करायचा, नेट नसलं की ती बाई कामं सोडून फोनकडं बघत उभी. ह्या सगळ्यात मुलाशी दोन मिनिटं बोलायला वेळ उरला तर उरला. माझं म्हणणं सरळ आहे, मूल कसं वाढतंय ते बघायचं असेल तर वजनकाटा बाजूला ठेवून त्या घरात तासभर बसावं लागतं आणि त्या तासाला आमच्या नोंदीच्या ॲपमध्ये कुठं रकाना नाही.

माझा भाग सोलापूरचा पूर्व भाग. पद्मशाली वस्ती, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पोरं हिंदीपण बोलतात. बायका विड्या करतात, पुरुष लूमवर. ज्याच्याबद्दल लिहितेय त्याचं खरं नाव देत नाही, चिन्ना म्हणू. वय अडीच वर्षं. गल्लीत त्याचं नाव पडलं होतं 'चावरा'. शेजारच्या मुलीच्या गालाला चावला, आजीच्या दंडाला चावला आणि आईच्या तर अंगठ्याला. अंगठ्याचं ऐकून बाहेरच्या माणसाला काय वाटणार नाही, पण विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा दुखला की पान नीट वळत नाही, विडी सैल होते आणि कारखान्यात सैल विडी बाजूला काढतात, म्हणजे तेवढी मेहनत फुकट. ती मला म्हणाली, "बाई, ह्याच्यात काय तरी फॉल्ट हाय, मारून बघितलं, ऐकतच नाही."

गल्लीतल्या बायकांचा सल्ला काय, तर तू पण त्याला चाव, म्हणजे कळेल किती दुखतं. हा सल्ला मी इतक्या घरांत ऐकलाय की आता राग येतो. एवढ्या लहान पोराला त्यातून एवढंच कळतं की मोठी माणसंपण चावतात. ह्या वयात हट्ट, आदळआपट, मारणं, चावणं हे थोडंफार सगळ्यांचंच असतं, मनात लई असतं आणि तोंडातून येत नाही म्हणून दात येतात पुढं.

पण चिन्नाचं थोडंफार नव्हतं, आणि मुख्य म्हणजे शब्द नव्हते. दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडायला लागतं, अडीचला तर बडबड चालू होते. ह्याचे मोजके पाच-सहा शब्द, त्यातला एक मोबाईलच्या कार्टूनमधला. अशा वेळी पहिले कान बघायचे, वागणं नंतर. पाठीमागून हाक मारली, वाटी वाजवली, वळला. तरी घरातल्या तपासणीवर विसंबायचं नाही, आरबीएसकेच्या, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीच्या, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सिव्हिलला पाठवलं, कान ठीक निघाले. डोळ्यात बघतो, बोट दाखवून मागतो, आई दुसरीकडं गेली की शोधतो. म्हणजे त्याला माणसं हवी होती, ते स्पष्ट होतं.

मग एक दिवस ठरवून त्यांच्याकडं सकाळी जाऊन बसले. मदतनीस ताईंनी केंद्र सांभाळलं, आमच्या मदतनीस नसत्या तर हे काम झालंच नसतं, त्यांना जेवढा मान द्यायला पाहिजे तेवढा कुणीच देत नाही. घर म्हणजे एक मोठी खोली आणि पुढं पडवी. खोलीत बाप झोपलेला, लूमवरची नाईट करून आला होता, दिवसा झोपायचा. पडवीत आई. रात्री भिजवलेली पानं फडक्यात गुंडाळलेली, पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा आणि कात्रीनं त्या मापाचा तुकडा कापायचा, मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमूटभर घालून पान वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. हजार विड्यांचं काम, पंचवीस-पंचवीसचे कट्टे. हात थांबत नाही, मान वर होत नाही. आणि त्या सुपापासून हातभर अंतरावर हा पोरगा.

मी काय केलं नाही, फक्त त्याला दिवसभर जे बोललं जातं ते ऐकत बसले. नको. ठेव. सरक. हात लावू नको. चूप, बाबा झोपलेत. आजी मोबाईल लावून द्यायची, तो गप, मोबाईल गरम झाला की काढून घ्यायची, हा किंचाळायचा, बाप आतून ओरडायचा, मग फटका. बापाच्या झोपेसाठी घर गप्प, आईचं काम म्हणून आई गप्प. आधी जाऊबाई आणि तिची पोरं ह्याच घरात होती, ती कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, राहायला गेली, तेव्हापासून आजूबाजूची बडबडपण गेली.

हे सगळं मला कळत होतं पण एक गोष्ट खटकत होती. आई त्याला जे बोलत होती ते सगळं मराठीत, तेपण तुटकं. आणि तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. फोन कानाला लावून खांद्यानं दाबला, हात विड्यांवरच, आणि जी तेलुगू सुरू झाली! हसणं, तक्रार, कुणाची तरी नक्कल, आवाज वर-खाली, भुवया उडतायत. ही बाई एवढी बोलकी आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि चिन्ना कोपऱ्यातून उठला, तिच्या पाठीला टेकून बसला आणि तिच्या तोंडाकडं बघायला लागला. किंचाळणं नाही, ओढणं नाही. फोन चालू होता तोवर तो तिथंच. फोन संपला, तिनं त्याला मराठीत म्हणलं "सरक तिकडं", आणि त्यानं साचा उचलून फेकला.

मी विचारलं, ह्याच्याशी तेलुगूत का बोलत नाहीस? तर म्हणाली, नर्सरीत चौकशीला गेलो होतो, तिथल्या मॅडमनी सांगितलं की घरात तेलुगू बंद करा, मूल कन्फ्यूज होतं, म्हणूनच बोलत नाही, इंग्लिश नाही जमलं तर निदान मराठी बोला. मराठी हिला बाजारापुरती आणि कारखान्यापुरती येते. लाड करायला, रागवायला, गोष्ट सांगायला जी भाषा लागते ती तिच्याकडं तेलुगूच आहे. ती काढून घेतल्यावर पोरासाठी उरलं काय, तर नको आणि चूप. आजीला मराठी त्याहून कमी, तिनं बोलणंच सोडलं आणि मोबाईल हातात दिला.

त्या मॅडमना मी ओळखत नाही, पण फी घेऊन लहान मुलांची शाळा चालवणाऱ्या बाईला एवढं माहीत असायला पाहिजे. दोन भाषांमुळं मुलाचं बोलणं मागं पडत नाही. पूर्व भागातली निम्मी माणसं दोन-तीन भाषांत लहानाची मोठी झालीत, कुणाचं काय अडलं? मूल बोलणं शिकतं ते त्याच्याशी समोरासमोर, उलट-सुलट बोलणाऱ्या माणसाकडनं, आणि ते माणूस ज्या भाषेत मोकळं असतं त्याच भाषेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणातपण लहान मुलांसाठी घरच्या भाषेवर भर दिलाय. मला त्या दिवशी इतका संताप आला होता की घरी येऊन जेवण गेलं नाही.

पुढं काय केलं ते सविस्तर सांगते, कारण 'मुलाला वेळ द्या' हे सांगणारे लई आहेत आणि हजार विड्या करणाऱ्या बाईनं तो वेळ कुठनं आणायचा ते कुणी सांगत नाही. वेळ वेगळा काढायचाच नाही, हात चालू दे, तोंड तेलुगूत चालू दे. पान कापतेय तर सांग कापतेय, कावळा आला तर सांग कावळा आला. तो बोट दाखवेल त्याचं नाव घ्यायचं आणि थांबायचं, लगेच पुढं बोलायचं नाही, त्याला वळून काही तरी आवाज काढायला जागा ठेवायची. हे थांबणं सगळ्यात अवघड, मोठ्या माणसांना दम निघत नाही.

दुसरं, त्याला काम द्यायचं. त्याला सुपातच हात घालायचा होता कारण आई दिवसभर तेच करते. तंबाखूजवळ पोरगं नको, आणि त्याला खायला घालायच्या आधी हात साबणानं धुवायचे, हे मी तिला प्रत्येक भेटीत सांगते. पण त्याला वेगळं ताट दिलं, ते पडवीच्या दुसऱ्या टोकाला, आजीजवळ. जाड पुठ्ठ्याचे तुकडे, दोऱ्याची मोठी रिकामी रिळं, झाकणाचा डबा. तोंडात जाईल एवढं बारीक काही नाही. तो डब्यात भरायचा, ओतायचा, परत भरायचा, आणि आजी त्याच्याशी तेलुगूत हिशोब करायची.

चावण्याचं असं ठरवलं की चावायला आला की खाली बसून त्याचे खांदे धरायचे, एकच वाक्य, चावायचं नाही, दुखतं, आणि आधी ज्याला लागलं त्याच्याकडं बघायचं. मग त्याला काय हवं होतं ते आपण शब्दात बोलून दाखवायचं. ओरडणं नाही, हसणं तर अजिबात नाही, कारण बाप हसायचा, आणि एक जण हसला की दुसऱ्याचं सांगणं वाया. मोबाईल एकदम हिसकायचा नाही, आधी सांगायचं की आता हे संपलं की बंद, आणि बंद करताना हातात दुसरं काही तरी द्यायचं. बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्या घरात एका तासावर अजून आलेलं नाही, पण जेवताना बंद झालाय, तेपण आजीनं केलं.

आजीचंच सांगायला पाहिजे. सून ऐकेल की नाही ह्याची मला काळजी नव्हती, आजीची होती. तिला वाटायचं तिची भाषा नातवाचं नुकसान करते. तिला बोल म्हणलं तर आधी माझ्याकडं बघत राहिली, मग सुनेकडं. नंतर एकदा गेले तर पडवीत बसून त्याला मार्कंडेय मंदिराच्या रथाचं वर्णन करून सांगत होती, हात वर करून रथ केवढा ते दाखवत होती, आणि चिन्ना तिचे हात खाली ओढून परत वर करायला लावत होता, परत परत, 'इंकोकटी, इंकोकटी' म्हणत. अजून एक, अजून एक. माझ्या कानांनी ऐकलेला त्याचा मागण्याचा पहिला शब्द तो.

आता चावणं बरंच कमी झालंय, बंद नाही. दोन शब्द जोडतो. पण मी स्वतःशी विचार करते की नेमकं कशानं झालं? मधल्या काळात बापाची डे शिफ्ट झाली, त्यामुळं दिवसा घरात आवाजाला मोकळीक आली. वयपण वाढलं. सगळं तेलुगूमुळं झालं असं मी छाती ठोकून सांगणार नाही. आम्हा सेविकांच्या बिट मीटिंगमध्ये हे मांडलं तर सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे, पण तुमच्या गृहभेटीच्या एंट्र्या पेंडिंग आहेत.

आणि चिन्नाच्या आईनं परवा विचारलं, "बाई, आम्ही तेलुगू बोलतो म्हणून जूनमध्ये नर्सरीत घेतलं नाही तर?" मी म्हणलं, वय पूर्ण झालं की माझ्याकडं आण, अंगणवाडी आहे, आणि पुढं तेलुगू माध्यमाच्या शाळा सोलापुरात आहेत. तिनं मान हलवली नाही. तिला पोरगा इंग्लिश शाळेत घालायचाय, त्यासाठीच ती रात्री पानं भिजवते, आणि त्यात चुकीचं काही नाही. मी तिला म्हणलंय की प्रवेशाच्या दिवशी मी बरोबर येते, मॅडमशी मी बोलते. त्याच गल्लीत अजून एका घरी तेलुगू बंद केलंय असं कळलंय, तिथली मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. ह्या आठवड्यात तिथं जाऊन बसायचंय, तेही सकाळीच, विड्या चालू असताना.