ससा आजारी आहे हे लेंड्या सांगतात

ससा दुखतंय म्हणून ओरडत नाही. कण्हत नाही, जवळ येऊन कुरकुरतही नाही. रानात जो अशक्त दिसतो त्याच्यावरच शिकाऱ्याची पहिली नजर जाते, त्यामुळे दुखणं लपवणं सशाच्या अंगातच मुरलेलं असतं. घरात त्याला खाणारं कुणी नाही, हे त्याला कोण समजावणार? म्हणून तो काय करतोय यापेक्षा रोजचं काय करायचा थांबलाय, याकडे मी जास्त लक्ष देते.

घरात मला 'लेंड्या मोजणारी बाई' म्हणून चिडवतात. खरं तर मी मोजत नाही. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, त्या मोजत बसायला मला दुसरे उद्योग आहेत. पण ट्रे साफ करताना नजर फिरतेच. लेंड्या गोल, एकसारख्या आणि दाबल्या की आत चुरलेलं गवत दिसलं, तर पोट ठीक चाललंय. त्या बारीक, काळपट, कडक झाल्या किंवा केसांत ओवल्यासारख्या एकामागे एक यायला लागल्या की माझे कान टवकारतात. कधी मऊ, चकचकीत घोस पडलेले दिसतात. ते जुलाब नव्हेत. ते ससा एरवी थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ते ट्रेमध्ये पडून राहत असतील तर पेलेट (सशांचं विकतचं दाणेदार खाणं) किंवा गोडधोड जास्त होतंय, ससा लठ्ठ झालाय किंवा पाठ दुखत असल्यामुळे त्याला तिथवर वाकता येत नाहीये. पाण्यासारखे जुलाब मात्र वेगळे. त्यात वेळ घालवायचा नाही, पिल्लू असेल तर अजिबातच नाही.

आमची भुरी एरवी गवताच्या पिशवीचा आवाज झाला की पायात लुडबुडते. एका संध्याकाळी ती जागची हलली नाही. पेलेट पुढे धरला तर हुंगला, तोंडात घेतला आणि टाकून दिला. भूक नसणं वेगळं आणि खायचं असून खाता न येणं वेगळं. दुसऱ्यात दातांचा संशय घ्यावा. तिची हनुवटी ओली होती. अंग आक्रसून, डोळे अर्धे मिटून बसलेली, मधूनच पोट जमिनीला दाबायची आणि कराकरा दात खायची. कुरवाळताना ससे सुखानेही हलकेच दात वाजवतात, पण तो आवाज हाताला जाणवतो इतकाच. हा दोन हातांवरून ऐकू येत होता. ट्रे जवळजवळ रिकामा.

"उद्या सकाळपर्यंत बघू," असं नवरा म्हणाला. कुत्र्यामांजराच्या बाबतीत हे एखाद्या वेळी चालून जातं. सशाचं आतडं सतत हलत राहावं लागतं, आणि दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही किंवा लेंडी पडली नाही तर ती तातडीची वेळ असते. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी तापमान विचारलं. सशाचं साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असतं, आणि ताप येण्यापेक्षा अंग गार पडणं अनेकदा जास्त वाईट. भुरीचे कान गार लागत होतेच, थर्मामीटरनेही 38 च्या खालचा आकडा दाखवला. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवा, पण तिला नको वाटलं तर बाजूला सरकता येऊ दे, आणि तसंच घेऊन या, असं ते म्हणाले. जबरदस्तीने काही भरवू नका, हे बजावून सांगितलं. सशाला उलटी करता येत नाही. आतडं कुठे अडलेलं असेल आणि पोट टणक फुगलेलं असेल, तर वरून भरवलेलं पोट फोडू शकतं.

एक्स-रेमध्ये गॅस दिसला, अडथळा नव्हता. मग सलाईन, वेदनाशामक औषध, ऊब, आणि त्यानंतर सिरिंजने तोंडाच्या कडेतून थोडं थोडं पातळ खाणं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यापुढचं. डॉक्टरांनी तोंडात उपकरण घालून मागच्या दाढा बघितल्या. सशाचे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. खालच्या एका दाढेची कड आतल्या बाजूला अणकुचीदार वाढून जिभेला टोचत होती. पोट थांबलं ते त्या टोचण्यामुळे. पोट बंद पडण्यामागे बहुतेक वेळा वेदना, भीती, कमी गवत, कमी पाणी असं दुसरंच काही असतं, आणि ते शोधलं नाही तर दुखणं परत येतं.

सशाचा चेहरा काहीच सांगत नाही असंही नाही. 2012 मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायचं एक मोजमाप मांडलं: बारीक झालेले डोळे, चपटे पडलेले गाल, टोकदार दिसणारं नाक, मिशा आणि कानांची ठेवण. पण हे फरक कळायला तो चेहरा बरा असताना नीट पाहिलेला असावा लागतो. मी आठवड्याला भुरीचं वजन करून वहीत लिहिते. दाट केसांखाली ती वाळलेली कळत नाही, काट्यावर कळते.

काही खुणा दिसल्यावर मात्र विचार करत बसू नये. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंड उघडून घेत असेल तर लगेच दवाखाना. मान एका बाजूला कलली तरी तेच, दुखणं कानातलं असो की मेंदूतलं. मागचा भाग ओला किंवा घाणेरडा राहिला तर माशा अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या पडू शकतात. पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट असेल तर तो सतत वाहतं नाक पुसतोय. लाल लघवी बघून घाबरायला होतं, पण ती बऱ्याचदा रंगद्रव्यामुळे असते. रक्त आहे का ते तपासणीत कळतं.

घरातलं औषध देऊ नका. अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून ससा दगावू शकतो. कुत्र्यांच्या पिसवांसाठीचं फिप्रोनिलही त्याला घातक आहे. त्यामुळे दवाखाना आधीच शोधून ठेवा, आणि तिथे ससे नेहमी येतात का हे विचारा.

भुरीच्या दाढा आता अधूनमधून भूल देऊन घासाव्या लागतात. दर वेळी तिच्यासोबत घरचं गवत देते, कारण शुद्धीवर आल्यावर तिने लवकर तोंड हलवायला हवं. एका ठिकाणी मला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं. उलटीच होत नाही त्या प्राण्याला उपाशी कशासाठी, असं विचारल्यावर नीट उत्तर मिळालं नाही. तिथे मी भुरीला परत नेलेलं नाही.