पायऱ्या बरोबर, मग उत्तर का जुळत नाही?

बीजगणित-त्रिकोणमितीचा गृहपाठ घेऊन येणारी मुलं हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

चिन्ह चुकणं, कंसाबाहेरचा उणे आतल्या एकाच पदाला लावणं, या चुका पुन्हा वाचलं की सापडतात. मला काळजी वाटते ती प्रत्येक ओळ पटत असताना होणाऱ्या चुकीची.

2 साइन थीटा × कॉस थीटा = कॉस थीटा, हे समीकरण घ्या. थीटा 0 ते 360 अंशांमधला. बहुतेक जण दोन्हीकडचा कॉस थीटा काटतात. उरतं साइन थीटा = 1/2, म्हणजे 30 आणि 150 अंश. पण 90 आणि 270 अंशांना कॉस शून्य असतो; तिथे दोन्ही बाजू शून्य, म्हणजे समीकरण खरंच! काटणं म्हणजे भागणं, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून काटू नका. सगळं एका बाजूला आणा, कॉस थीटा सामाईक काढा, मग एकेक अवयव शून्य धरा. चारही उत्तरं मिळतात.

वर्ग करताना उलटं होतं. (क्ष + 7) चं वर्गमूळ = क्ष − 5. वर्ग करून मांडलं की क्ष² − 11क्ष + 18 = 0, म्हणजे क्ष = 9 किंवा 2. ताळा पाहा: 9 ठेवला तर 4 = 4. 2 ठेवला तर डावीकडे 3, उजवीकडे −3.

एक विद्यार्थिनी या 2 वर अडून बसली होती. "अवयव बरोबर आहेत, मग 2 चूक कसा?" तिचा हट्ट मला फार आवडला, कारण अवयव खरंच बरोबर होते. मी म्हटलं, 2 हातात घे आणि शेवटच्या ओळीपासून वर चढ, प्रत्येक ओळीत ठेवून बघ. शेवटची ओळ खरी. तिच्या वरची, क्ष + 7 = क्ष² − 10क्ष + 25, तीही खरी: 9 = 9. त्याच्याही वर, वर्ग करण्याआधीची ओळ, खोटी. 3 चा वर्ग 9, −3 चाही 9. वर्ग केला तिथेच चिन्ह पुसलं गेलं होतं.

तिने त्या दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलने एक आडवी रेघ मारली. मग न सांगता वही मागे उलटून कॉसच्या गणितात 90 अंश ठेवायला लागली, या वेळी वरून खाली.