हृदयाचा रविवार

"मामा, हृदयाला रविवार कधी असतो?"

पाचवीतल्या भाचीचा प्रश्न. शाळेला सुट्टी, ऑफिसला सुट्टी आणि दिवसाला लाखभर ठोके देणाऱ्या या गड्याला मात्र नाही, हा तिच्या मते शुद्ध अन्याय. पुस्तकातल्या चित्रात चार कप्पे नीट रंगवले होते, पण रजेबद्दल एक अक्षर नव्हतं.

रजा असते. मिनिटाला 75 ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला 0.8 सेकंद येतो. त्यातला जेमतेम 0.3 सेकंद खालचे दोन कप्पे आवळून रक्त बाहेर ढकलतात आणि उरलेला अर्धा सेकंद सैल पडून राहतात. हिशेब तिनंच मांडला: चोवीस तासांत 15 तास आराम! दुपारी घटकाभर आडवं झालं म्हणून आम्हा गोंयकारांना सुशेगाद, म्हणजे निवांत गडी, म्हणतात. खरा सुशेगाद छातीत बसलाय.

आराम म्हणजे ऐदीपणा नव्हे हं. त्या अर्ध्या सेकंदातच कप्पे पुन्हा रक्तानं भरतात, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त मिळतं तेही मुख्यतः तेव्हाच. सगळ्यांना वाढून झालं की मग आपलं पान घेणारं हे माणूस.

मग तिला ठोके ऐकायचे होते. 1816 साली लायनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कागदाची सुरळी करून ती रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून पुढं स्टेथोस्कोप आला, एवढं सांगायचा अवकाश, चित्रकलेच्या वहीचा कागद फाटलाच. आजोबांना बनियनवर बसवून सुरळी लावली, जराशी डावीकडं. "लब-डब!" हा आवाज आवळण्याचा नसून झडपा बंद होण्याचा असतो. रक्त मागं फिरू नये म्हणून आधी कप्प्यांमधल्या झडपा मिटतात, मग बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या. आजोबा श्वास रोखून बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

संध्याकाळी पणजीत मळ्यातल्या मारुतीच्या पायऱ्या चढलो. वर पोचल्यावर अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची (अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी मध्येच बोलते), 15 सेकंद मोजायचं आणि चारानं गुणायचं. आकडा बराच वर गेला होता. ठोके वाढले की कात्री लागते ती आरामालाच. तिनं लगेच पकडलं, "मग धावायचं कशाला?"

प्रश्न रास्त. पण रोज पळणाऱ्याचं हृदय बळकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि एरवी कमी ठोक्यांत भागवतं. तासभर हुंदडून उरलेल्या दिवसाचा आराम वाढवून घ्यायचा, असा हा सौदा. मुलांनी रोज 60 मिनिटं अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. फुटबॉल, पोहणं, फुगडी, काहीही चालेल.

खाण्याचं थोडक्यात. ताज्या बांगड्यातलं तेल हृदयाला मानवतं, पोदेराकडची (आमच्या पाववाल्याकडची) कोंड्याची पोई मैद्याच्या पावापेक्षा बरी. मीठ मात्र बेतानं, कारण ते रक्तदाब वाढवतं आणि मग त्या दाबाविरुद्ध ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, हे अजून पटलेलं नाही. पावसासाठी पुरुमेंतात भरून ठेवलेला खारा बांगडा तिनं भाजून पानात वाढला आणि म्हणाली, "आता जेवायचं ते हृदयाला विचारून की काय?"

भाचीनं अर्धा तुकडा परत केला. तो मीच खाल्ला.